चित्र नाही, आवाज नाही, तरी सुपरहीरो: मोबाईलवरचे टेक्स्ट गेम खेळायला सुरुवात कशी करायची

प्ले स्टोअरवर ‘सुपरहीरो गेम’ असं शोधून बघा. इमारतींवरून उड्या, हवेत भिरकावलेल्या गाड्या आणि दर दोन मिनिटांनी जाहिरात, असाच माल आधी समोर येतो. त्या ढिगाऱ्याखाली एक शांत प्रकार दडलेला आहे. त्यात चित्र नाही, आवाज नाही, बोटं दुखेपर्यंत बटणं बडवणं नाही. एक-दोन पानं मजकूर वाचायचा, खाली तीन-चार पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा, आणि गोष्ट तुमच्या निवडीप्रमाणे पुढे सरकते. थोडक्यात कादंबरीच, फक्त तिचा नायक तुम्ही. खलनायक व्हायचं असेल तर तेही जमतं.

कल्पना मोबाईलपेक्षा बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1985 साली ‘अपॉइंटमेंट विथ फियर’ नावाचं गेमबुक निघालं. वाचक म्हणजे टायटन सिटी शहराचा रक्षक ‘सिल्व्हर क्रुसेडर’. सुरुवातीला चारपैकी एक शक्ती निवडायची: अचाट ताकद, मनःशक्ती, ऊर्जेचा झोत किंवा यंत्रविद्या. मग फासे टाकत, पानं उलटत दुष्टांच्या बैठकीचा दिवस आणि ठिकाण शोधून काढायचं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या टिन मॅन गेम्सने हेच पुस्तक फोनवर आणलं. पण आज फोनवर या प्रकाराची खरी वस्ती आहे ती चॉइस ऑफ गेम्स या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये. 2009 साली सुरू झालेल्या या कंपनीने गोष्टी लिहिण्यासाठी चॉइसस्क्रिप्ट नावाची स्वतःची सोपी भाषा केली, आणि आज शेकडो गेम त्या भाषेत आहेत. या लेखात मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितो. एकदा हे खेळता आले की बाकीचे आपोआप येतात.

आधी योग्य अ‍ॅप घ्या

एकाच कंपनीची एकाहून जास्त अ‍ॅप्स दिसतील, त्यांतली दोन आपल्या कामाची. ‘चॉइस ऑफ गेम्स’ या अ‍ॅपमधल्या गोष्टी कंपनीने लेखकांकडून लिहून घेतलेल्या आणि संपादित केलेल्या असतात. ‘होस्टेड गेम्स’मध्ये कुणीही लेखक आपला गेम पाठवतो आणि कंपनी तो प्रकाशित करते. त्यामुळे पहिल्यात दर्जा साधारण एकसारखा मिळतो. दुसऱ्यात काही गेम अगदी कच्चे, तर काही असे की पहिल्या अ‍ॅपमध्येही त्यांच्या तोडीचे मोजकेच सापडतील. सुपरहीरोच्या बाबतीत तर माझं मत दुसऱ्या अ‍ॅपच्या बाजूने झुकतं. दोन्ही घेऊन ठेवा. नुसता मजकूर असल्यामुळे फोनची जागा फारशी खात नाहीत, आणि गेम एकदा उतरवला की नेटची गरज उरत नाही. लोकलमध्ये रेंज गेली तरी गोष्ट थांबत नाही.

बहुतेक गेमची पहिली काही प्रकरणं फुकट असतात आणि पुढचं उघडायला एकदाच पैसे द्यावे लागतात. काही गेम जाहिराती बघत पूर्ण फुकटही खेळता येतात. घाई नसेल तर सवलतीची वाट बघा, ती अधूनमधून येतच असते. प्ले स्टोअरवर यूपीआयने पैसे भरता येतात, त्यामुळे कार्ड नसलं तरी अडत नाही. मात्र एका स्टोअरवर घेतलेला गेम दुसऱ्या स्टोअरवर आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. ज्या फोनवर खेळायचं तिथूनच घ्या.

इथे एक सावधगिरी. चित्रांची रेलचेल असलेले, ‘निवड तुमची’ म्हणणारे पण हिरे आणि चाव्या विकणारे गेम वेगळे. त्यांत बरा पर्याय हवा असेल तर हिरे मोजावे लागतात, चाव्या संपल्या की काही तास थांबावं लागतं. त्यांना वाईट म्हणत नाही, पण तिथे नायक किती धाडसी निघणार हे तुमच्या खिशावर ठरतं. इथे लिहितोय त्या प्रकारात एकदा पैसे भरले की सगळे पर्याय तुमचे.

पडद्याची ओळख

पहिल्यांदा हात बसवायला सुपरहीरो नसलेला एक गेम सुचवतो: ‘चॉइस ऑफ द ड्रॅगन’. फुकट आहे, छोटा आहे, आणि त्यात तुम्ही चक्क ड्रॅगन असता. अर्धा तास त्यावर घालवला की पडदा समजतो.

मजकूर वर, पर्याय खाली. पर्यायावर बोट ठेवलं की समोरचा गोल भरतो, पण निवड अजून पक्की झालेली नसते. ‘नेक्स्ट’ दाबलं की पक्की. तोवर मन बदलायला मोकळीक आहे. ‘नेक्स्ट’ दाबल्यावर मात्र मागे फिरता येत नाही. फोनचं मागे जायचं बटण गोष्टीत मागे नेत नाही, ते गेममधून बाहेर काढतं. बहुतेक गेममध्ये हवं तिथे सेव्ह करायची सोय नसते. गेम आपणच दर पानाला जागा लक्षात ठेवतो, त्यामुळे मध्येच फोन आला तरी काही बिघडत नाही. पण चुकीचं दाबलं तर पहिल्यापासून सुरू करणं हाच उपाय. नव्या माणसाला हे जाचक वाटतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. निवड मागे घेता आली तर तिला वजन राहत नाही.

मेनूत जाऊन अक्षर मोठं करा, पार्श्वभूमी काळी किंवा फिकट पिवळसर करा. रात्री वाचणाऱ्यांनी हे टाळू नये. डोळ्यांनी वाचणं अवघड असणाऱ्यांसाठी तर हा प्रकार फारच सोयीचा आहे. सगळं मजकुरात असल्यामुळे फोनचा वाचून दाखवणारा आवाज गेम पूर्ण खेळवून आणतो. दृष्टिहीन खेळाडूंमध्ये हे गेम लोकप्रिय आहेत ते त्यामुळेच.

काही पर्याय करडे, फिके दिसतात आणि निवडता येत नाहीत. तो बिघाड नसतो. तुमच्या पात्रात ते करायची ताकद, ओळख किंवा पैसा नाही, एवढंच गेम सांगतो. तेवढी खूणगाठ बांधून ठेवा: दुसऱ्या वेळी खेळताना हाच दरवाजा उघडायचा.

आकड्यांचं पान

वर ‘शो स्टॅट्स’ असं बटण असतं. नवे खेळाडू एक तर ते उघडतच नाहीत, नाही तर दर पानाला उघडतात. दोन्हींत नुकसान आहे. प्रकरण संपलं की एकदा बघा, पुरे.

त्या पानावर तुमच्या पात्राचे गुण पट्ट्यांमध्ये दिसतात. साध्या पट्ट्या म्हणजे ताकद, चपळाई, लोकप्रियता वगैरे. दुसरा प्रकार जोडीचा: एका टोकाला दयाळू, दुसऱ्या टोकाला निष्ठुर. हा एकच आकडा असतो. दया 65 झाली की निष्ठुरपणा 35 वर येतो. ‘दोन्ही थोडं थोडं वाढवतो’ असं इथे करता येत नाही. आणि मधोमध 50 वर उभं राहणं म्हणजे दोन्ही दरवाज्यांच्या बाहेर उभं राहणं.

आता खरी गोम. बऱ्याच गेममध्ये आकडे साध्या बेरजेने वाढत नाहीत. चॉइसस्क्रिप्टमध्ये ‘फेअरमॅथ’ नावाचा हिशेब आहे. गुण वाढताना वरच्या उरलेल्या जागेचा काही टक्के हिस्सा मिळतो, आणि कमी होताना असलेल्या आकड्याचा काही टक्के हिस्सा जातो. 20 टक्क्यांचा बदल धरून उदाहरण करू. धैर्य 50 आहे. धाडसी निवड केली, झाले 60. पुन्हा केली, 68. तिसऱ्यांदा, 74. दर वेळी मिळकत घटत गेली: 10, मग 8, मग 6. आता एकदाच माघार घेतली तर 74 चे 20 टक्के, म्हणजे जवळजवळ 15 जातात, आणि तुम्ही पुन्हा साठीच्या आसपास येता. तीनदा कमावलेल्यातलं दोनदाचं एका फटक्यात गेलं.

नव्या खेळाडूचं गणित इथेच फसतं. दर पानाला ‘इथे शहाणपणाचं काय?’ असा विचार करून तो एकदा शूर होतो, एकदा सावध, एकदा दयाळू, एकदा कठोर. प्रत्येक निवड सुटी बघितली तर बरोबर असते. पण शेवटच्या लढाईत गेम विचारतो की धैर्य 60 च्या वर आहे का, किंवा दया 65 च्या वर आहे का, आणि याचं सगळंच 50 आणि 58 च्या मध्ये अडकलेलं. म्हणून पहिल्या प्रकरणातच ठरवा: माझा नायक कसा आहे? दोन गुण पक्के करा, फार तर तीन. बाकीच्या बाबतीत तो कच्चाच राहणार हे मान्य करून टाका. ढिसाळ पण प्रेमळ, हुशार पण माणूसघाणा, लोकप्रियतेला हपापलेला पण शब्दाचा पक्का, असं काहीही चालतं. त्यानंतर पर्याय निवडताना ‘मी काय केलं असतं’ हे सोडून ‘याने काय केलं असतं’ एवढंच विचारायचं.

पर्याय वाचायची कला

सगळे पर्याय एका कामाचे नसतात. काही पात्र घडवतात, काही पात्राला पारखतात. नमुन्यासाठी मीच रचलेला एक प्रसंग घ्या.

पुलाचा कठडा तुटलाय. शाळेची बस अर्धी बाहेर लोंबकळतेय, मागच्या खिडकीला मुलांचे चेहरे चिकटलेले. खलनायक पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचलाय आणि वर वाहिनीचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. तुम्ही:

• बस दोन्ही हातांनी धरून मागे खेचता.
• चालकाच्या मनात शिरून त्याला शांत करता, म्हणजे तो स्वतःच ब्रेक सोडणार नाही.
• मुलांना धीर द्यायला हात हलवता आणि कॅमेऱ्याला दिसेल अशा बाजूला उभे राहता.
• बस तुमच्या जोडीदारावर सोडून खलनायकाच्या मागे धावता.

हा प्रसंग पहिल्या प्रकरणात आला तर तो घडवणारा असतो: पहिल्या पर्यायाने ताकद वाढेल, दुसऱ्याने मनःशक्ती, तिसऱ्याने प्रसिद्धी, चौथ्याने कठोरपणा, आणि बस बहुधा चारही वेळा वाचेल. तोच प्रसंग आठव्या प्रकरणात आला तर तो पारखणारा आहे. आता पहिला पर्याय निवडलात आणि ताकद 40 असेल, तर बस हातातून निसटणार. चौथ्याचं यश तुमच्या ताकदीवर नसून त्या जोडीदाराशी तुम्ही आतापर्यंत कसे वागलात यावर असेल. म्हणून ढोबळ नियम असा: गेमच्या पहिल्या एक तृतीयांश भागात जे व्हायचंय ते निवडा, पुढे जे झाला आहात ते निवडा.

कधी कधी पर्यायांत कृती एकच असते, कारणं वेगळी असतात. बस वाचवायचीच आहे, पण का? कर्तव्य म्हणून, अपराधी वाटतं म्हणून, की लोक बघताहेत म्हणून? असे पर्याय नवे लोक ‘काय फरक पडतो’ म्हणून भराभर उडवतात. जोडीच्या पट्ट्या बहुतेक याच पर्यायांनी हलतात, म्हणून तिथे थांबा.

आणि हरलात तर? बहुतेक वेळा गोष्ट संपत नाही, वळते. बस पडली तर पुढच्या प्रकरणात चौकशी समिती बसेल, वर्तमानपत्र तुमच्यावर तुटून पडेल, एखादा जुना शत्रू सहानुभूती दाखवायला येईल. चांगल्या लेखकाच्या हातात हे पान जिंकलेल्या पानापेक्षा सरस असतं. माझा सल्ला ऐकाल तर पहिल्या खेळात अपयश आलं म्हणून गेम पुन्हा सुरू करू नका. शेवटापर्यंत न्या.

नाव, लिंग, प्रेम

सुरुवातीला गेम तुमचं नाव, लिंग, आणि तुम्हाला कोण आवडतं ते विचारतो. हे प्रश्न अर्जासारखे येत नाहीत, गोष्टीतच येतात. यादीतलं नाव नको असेल तर ‘यांपैकी नाही’ असा पर्याय बहुतेक वेळा असतो, तिथे स्वतःचं टाका. रोमन लिपीत टाकलेलं बरं, कारण बाकी वाक्य इंग्रजीत असतं. प्रेमाच्या बाबतीत या गेममध्ये मोकळेपणा आहे. स्त्री-पुरुष, पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री, किंवा कुणीच नको, सगळं चालतं. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘आरओ’ असा शब्द सतत येईल. म्हणजे ज्याच्या प्रेमात पडता येतं ते पात्र. ‘एमसी’ म्हणजे तुमचा नायक.

प्रेमाचंही गुणांसारखंच आहे. एकाला धरून राहा. तिघांशी गोडीगुलाबीने वागणाऱ्याला शेवटी तिघांकडूनही ‘चांगला मित्र आहेस’ एवढंच ऐकायला मिळतं.

इंग्रजीचं काय?

हे गेम इंग्रजीत आहेत, आणि मराठी वाचनावर वाढलेल्या माणसाला पहिली वीस पानं जड जातील. प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसू नका. दोन गोष्टी करा: पर्याय मात्र पूर्ण समजल्याशिवाय निवडू नका, आणि शक्तींची नावं आधी माहीत करून घ्या. टेलिपथी म्हणजे मन वाचणं, टेलिकायनेसिस म्हणजे हात न लावता वस्तू हलवणं, रीजनरेशन म्हणजे जखम आपोआप भरून येणं. अशा सात-आठ शब्दांवर अर्धा गेम निघतो. संवाद जास्त आणि वर्णन कमी असल्यामुळे वेग लवकर येतो. दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी वाचायची गोडी लावायला मला तर हे आवडलेलं साधन आहे. फक्त गेमच्या पानावरची वयाची सूचना आधी बघून घ्या.

कोणता गेम आधी?

पहिला म्हणून ‘हीरोज राइज: द प्रॉडिजी’ घ्या. झॅकरी सर्जी या लेखकाचा, 2012 सालचा. शहराचं नाव मिलेनिया सिटी. तुम्ही उमेदवारी करणारा तरुण हीरो, आई-वडील तुरुंगात, आजीने वाढवलेले. हीरोगिरी इथे एक व्यवसाय आहे, आणि ‘लेजंड’ नावाचे गुण मिळवत नाव कमवायचं. वाचायला सोपा आणि वेगवान, दोन-तीन संध्याकाळींत उरकतो. दोष सांगतो: गेम तुम्हाला बोटाला धरून नेतो. पुष्कळ ठिकाणी निवडीचा भास असतो, रस्ता एकच. काही जण याच कारणासाठी या गेमवर चिडतात. नव्या माणसाला मात्र तो आधार वाटतो. पुढचे दोन भाग 2013 आणि 2014 मध्ये आले. दुसऱ्या भागात हीरोंचा रिअ‍ॅलिटी शो आहे, आणि माझ्या मते तिघांत तोच सगळ्यात मजेदार.

दुसरा ‘कम्युनिटी कॉलेज हीरो: ट्रायल बाय फायर’. एरिक मोझरचा. नेब्रास्का राज्यातलं स्पेक नावाचं आडगाव, तिथलं साधंसं कॉलेज, आणि हीरो व्हायची स्वप्नं घेऊन आलेली, फारशी शक्ती नसलेली मुलं. मोठ्या शहराचा झगमगाट नाही. इथे आकडे खरोखर लागतात, त्यामुळे वर सांगितलेला ‘दोन गुण पक्के करा’ हा नियम इथे वापरून बघा. खुसखुशीत लिहिलंय.

तिसरा, पण हे दोन झाल्याशिवाय नको, तो ‘फॉलन हीरो: रीबर्थ’. मालिन रिडेनने लिहिलेला, 2018 साली आलेला. तुम्ही एके काळचा हीरो, मन वाचणारा, जगाच्या लेखी मेलेला. लॉस डायब्लोस शहरात परतता ते खलनायक व्हायला. जुने सहकारी भेटतात, तुम्हाला जिवंत बघून हेलावतात, आणि त्याच वेळी तुम्ही त्यांच्याविरुद्ध डाव रचत असता. प्रत्येक संभाषणात दोन गोष्टी चालू: तोंडाने काय बोलायचं, आणि समोरच्याच्या मनात डोकवायचं का. हे सिनेमात दाखवायला अवघड, मजकुरात सहज साधतं. गोष्ट काळोखी आहे, मानसिक आघात आणि हिंसा यांना ती बगल देत नाही. मुलांसाठी नाही, आणि मोठ्यांनीही मन थाऱ्यावर असेल तेव्हाच उघडावी.

गेमच्या पानावर ‘इतक्या लाख शब्दांचा’ असं लिहिलेलं दिसेल. त्या आकड्याला दबकू नका. तो सगळ्या वाटा मिळून असतो, एका खेळात त्यातला काही भागच तुमच्यासमोर येतो.

शेवटचं पान घाईने बंद करू नका

मालिकेतल्या गेमच्या अखेरीस, पुढच्या भागासाठी तुमचं पात्र जपून ठेवायचं का, असा प्रश्न येतो. हो म्हणा आणि जे नाव द्याल ते लिहून ठेवा. पुढचा भाग तेच पात्र उचलतो: तेच आकडे, तीच दुखावलेली माणसं, तुटलेलं किंवा जुळलेलं प्रेम. ‘हीरोज राइज’ आणि ‘फॉलन हीरो’ या दोन्ही मालिकांत याचा मोठा फायदा होतो. पुढचा भाग घेईपर्यंत अ‍ॅप फोनवरून काढू नका. फोन बदलणार असाल तर आधी अ‍ॅपमध्ये ईमेल नोंदवून घ्या आणि नव्या फोनवर ‘रिस्टोअर पर्चेसेस’ दाबा, म्हणजे निदान विकत घेतलेलं तरी परत मिळेल. पात्र जपलेलं नसेल तर पुढचा भाग सुरुवातीला प्रश्न विचारून कामचलाऊ पात्र उभं करून देतो. गोष्ट कळते, पण मागच्या भागात तुम्ही ज्याचा विश्वासघात केला तो समोर आल्यावर चपापायला होत नाही.